गोळी कुणासमोर घ्यायची

तळेगावच्या बाजाराहून परतताना चंद्रभानचे बैल सीताबाईच्या दारात आपसूक थांबत. कासरा ओढायला नको की हाक द्यायला नको. हरण्या आणि कबऱ्या मान खाली घालून उभे राहत आणि चंद्रभान मोठ्या नाइलाजानं, बैलांचा शब्द कसा मोडावा अशा चेहऱ्यानं, गाडीवरून उतरे. सीताबाई ही नाल्याकाठी एकटी राहणारी विधवा. मोहाची दारू गाळण्यात पंचक्रोशीत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. जिल्ह्यात दारूबंदी होती, त्यामुळे सगळे लपून पीत आणि कोण पितो ते सगळ्यांना ठाऊक असे.

घरी आल्यावर चंद्रभान दोष बैलांवर ढकलायचा. कधी बैलांवर, कधी लचकलेल्या पायावर, कधी कुणाच्या तरी मयतीवर. या थापांत एका माणसाला तर त्यानं दोनदा मारलं होतं. त्याची बायको आनंदाबाई हे लग्न झाल्यापासून ऐकत आली होती. कुठली थाप कुठल्या चेहऱ्यानं येते ते तिला पाठ झालं होतं. बाई जिभेनं तिखट आणि कामाला वाघ, पण नवऱ्यापुढे तिनं हात टेकले होते.

त्र्याऐंशी साली आषाढाच्या तोंडावर तळेगावात बाजाराच्या दिवशी दारू सोडवायचा दवाखाना सुरू झाला. शाळेच्या व्हरांड्यात एक टेबल, जीपमधून येणारा तरुण डॉक्टर आणि सुलोचना सिस्टर. खाट नाही, भरती नाही. तपासून घ्यायचं, बोलायचं, आठवड्याच्या गोळ्या घेऊन घरी जायचं आणि दुसऱ्या दिवशी वखराला लागायचं. लोक हसले. दारुड्याला त्याच गावात परत पाठवून कुठं दारू सुटते का? आनंदाबाईलाही तसंच वाटलं, पण बुडत्याला काडीचा आधार म्हणून ती नवऱ्याला घेऊन गेली.

सुलोचना सिस्टरनं खुर्ची पुढं सरकवली आणि म्हणाली, "बसा, चंद्रभानजी."

चंद्रभाननं मागं वळून पाहिलं. हा जी कुणाला लावला ते त्याला कळेना. कित्येक वर्षांत त्याच्या नावाला कुणी जी लावला नव्हता. आनंदाबाईचे डोळे भरून आले आणि ती बाई तिला तिथंच आवडून गेली.

सिस्टरनं नीट समजावलं. ही गोळी अंगात असताना दारू प्यायली तर तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, ओकाऱ्या होतात, जिवावरही बेतू शकतं. म्हणून ती कुणाला चोरून वरणात कालवून द्यायची नाही. माणसानं रोज सकाळी आपल्या हातानं, एका साक्षीदारासमोर घ्यायची. तो साक्षीदारही ज्याचा त्यानं निवडायचा. चंद्रभान खाली बघत म्हणाला की माणूस त्यानं मनात धरला आहे.

तो माणूस कोण हे विचारायची आनंदाबाईला गरजच वाटली नाही. घरी येऊन तिनं माहेरचा पितळी लोटा चिंच लावून लखलखीत घासला. सकाळी लोटा भरून ती दारात उभी राहिली, तर चंद्रभान गोळी खिशात टाकून गाडी जुंपून निघूनही गेला होता. संध्याकाळी म्हणाला, घेतली. दुसऱ्या दिवशीही तेच. दुधानं पोळलेली बाई ती, ताक फुंकून पिणारच. तिसऱ्या सकाळी ती आडवाटेनं त्याच्या मागोमाग गेली.

गाडी सीताबाईच्या दारात उभी होती. चंद्रभाननं गोळी जिभेवर ठेवली, वर पाणी प्यायला. समोर सीताबाई कमरेवर हात ठेवून उभी. "जीभ उचल," ती म्हणाली, आणि बाजारात बैलाचे दात बघावेत तशी वाकून त्याच्या तोंडात बघू लागली.

आनंदाबाई झुडपाआडून बाहेर आली. "घरी मी मेली व्हती का? हिच्यासमोर काऊन?"

चंद्रभान म्हणाला, "तुह्यासमोर मी लई खोटं बोललो, आनंदे. आता माह्या तोंडाले त्याची सवयच झाली. हिच्यासमोर खोटं बोलाची कधी पाळीच नाई आली. हिले समदं ठाऊक हाय."

हे तिच्या जिव्हारी लागलं, कारण ते खरं होतं. ती घरी आली, लोटा फळीवर पालथा घातला आणि बाजाराच्या दिवसापर्यंत नवऱ्याशी बोलली नाही. दवाखान्यात सिस्टरपुढं मात्र तिनं सगळं ओकून टाकलं. दारू सोडायला दारूवालीच साक्षीदार, हा कुठला न्याय? सिस्टर हसली नाही. म्हणाली, त्याला लपवता येणार नाही असं माणूस त्यानं शोधलं, हेच मोठं आहे. पण त्या बाईला एक गोष्ट माहीत हवी. गोळी बंद केली तरी तिचा असर बरेच दिवस अंगात राहतो. दोन दिवस चुकवून कुणी दारू मागितली, तरी द्यायची नाही.

आता हे सीताबाईला सांगणार कोण? आनंदाबाईनं वाटभर विचार केला आणि मानापमान गुंडाळून ठेवून ती स्वतःच नाल्यावर गेली. जिच्या नावानं इतकी वर्षं बोटं मोडली, तिच्यापुढं उभी राहून तिनं सिस्टरचा शब्द न् शब्द सांगितला. सीताबाई म्हणाली की मेलेलं गिऱ्हाईक आपल्याही काय कामाचं, आणि चूल फुंकायला लागली.

श्रावणात चंद्रभान माणसांत आला. हाताची थरथर गेली, भूक लागू लागली. नाल्यावर आणखी दोघेतिघे गोळ्या घेऊन येऊ लागले. सीताबाई दारूही गाळत होती आणि जिभाही तपासत होती.

मग पोळा आला. बैल सजले, तोरणाखालून गेले, घरोघरी पुरणपोळी झाली. आनंदाबाईला धास्ती होती ती दुसऱ्या दिवसाची, करीची. करीला बैलांना आराम असतो आणि पिणाऱ्यांना उधाण येतं. त्या दिवशी ती उठली तेव्हा अंथरूण रिकामं होतं. गोठ्यात हरण्या आणि कबऱ्या रवंथ करत बसले होते. रोजच्या गोळीच्या वेळेच्या कितीतरी आधी चंद्रभान पायी गेला होता. आज बैलांचं निमित्तही नव्हतं. संपलं सगळं, असं म्हणून ती ओट्यावर बसून राहिली.

ऊन अंगणात आलं तेव्हा गल्लीत गलका झाला. सीताबाई चंद्रभानचं मनगट धरून त्याला भर गावातून आणत होती. वर्षातल्या सगळ्यात मोठ्या धंद्याच्या दिवशी मडकी तशीच टाकून ती आली होती, आणि तिचीच गिऱ्हाइकं ओट्याओट्यावरून बघत होती.

"गिलास मागाले आलता," अंगणात येऊन ती म्हणाली. "म्हणे, दोन दिस गोळी नाई घेतली, कायी होत नाई. तू सांगतलं ते मले याद व्हतं, म्या नाई देला. आता तूच इचार त्याले."

आनंदाबाई थापेची वाट पाहू लागली. पाय, मयत, काहीतरी येणारच. चंद्रभाननं मान वर केली.

"दोन दिस गोळी गालात धरली," तो म्हणाला. "जीभ उचलून दाखवली आन् नाल्यात थुकली. आज प्याची व्हती म्हणून. तिच्यासमोरबी खोटं बोललो मी. आता खरं बोलाले तूच उरली."

दारूबद्दल नवरा आपल्याला खरं सांगतो आहे, हे आनंदाबाईनं आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. तिला रडू आलं आणि तिनं डोळे पुसलेही नाहीत. आत जाऊन तिनं फळीवरचा पालथा लोटा उचलला, भरून आणला. चंद्रभाननं खिशातून गोळी काढली, तोंडात टाकली, पाणी प्यायला.

"जीभ उचला," आनंदाबाई म्हणाली.

"गालबी पाह्य वं बाई," सीताबाई म्हणाली.

आनंदाबाईनं त्याचं तोंड उन्हाकडं वळवलं आणि दोन्ही गाल बोट घालून पाहिले. गोळी गेली होती. चंद्रभान लेकरासारखा आ करून उभा होता आणि गल्लीतलं कुणीही हसलं नाही.

सीताबाई जायला वळली. गिऱ्हाइकं खोळंबली होती. निम्मं गाव तिच्या दारात प्यायलं होतं, पण तिला गावातल्या एकाही दारात कुणी घोटभर पाणी विचारलं नव्हतं. आनंदाबाईनं तिच्या हाताला धरलं. "बस अक्का," ती म्हणाली, "चहा घेऊन जाजो."

सीताबाई ओट्याच्या अगदी कडेला, पदर सावरून बसली. आनंदाबाईनं तिला आत सरकायला सांगितलं आणि चुलीवर आधण ठेवलं.