विहिरीतल्या बाईचा सिनेमा आणि मी

मी एक जुना भोंगा आहे, मित्रांनो. अकोल्याच्या एका बोळात एका कारागिरानं पत्र्याची चकती साच्यावर फिरवत फिरवत मला आकार दिला, बाहेरून निळा रंग मारला आणि उन्हात वाळत ठेवला. तिथून मला उदयसिंगानं उचललं. उदयसिंगाची तंबू टॉकीज होती. सुगी संपली की तो छकड्यांवर तंबू, पडदा, मशीन आणि जनरेटर लादून गावोगाव फिरायचा. लग्नसराईत मी भाड्यानं मांडवात वाजायचो, आणि एरवी तंबूबाहेर पुरलेल्या उंच बल्लीच्या टोकावर बसून सिनेमाची जाहिरात करायचो.

भोंग्याला स्वतःचं मत नसतं. माईकसमोर जो उभा राहील त्याचं बोलणं मोठं करून दूर टाकायचं, एवढंच माझं काम. माणूस खरं बोलला तरी आवाज तेवढाच, खोटं बोलला तरी तेवढाच. याचं मला कधी वाईट वाटलं नव्हतं. पण जऊळका स्टेशनापासून कोसभरावरच्या एका गावात माझ्या तोंडातून एक खोटं बाहेर पडलं, आणि त्या दिवसापासून माझ्या मनात सूड शिरला. पत्र्याच्या मनात सूड राहतो का, असं तुम्ही विचाराल. राहतो. पत्रा लवकर तापतो आणि उशिरा निवतो.

मोठा दुष्काळ सरून एक पावसाळा झाला होता. त्या उन्हाळ्यात उदयसिंगानं एक भुताचा सिनेमा आणला. त्याचं छापील नाव कुणाच्या लक्षात राहिलं नाही, सगळे त्याला ‘विहिरीतल्या बाईचा सिनेमा’ म्हणत. एका बाईला विहिरीत ढकलतात, ती भूत होऊन येते आणि ढकलणाऱ्यांना एकेक करून मारते. फार थोड्या पैशांत काढलेला सिनेमा होता. भुताचे केस अंबाडीच्या दोरांचे होते आणि ज्या तारेवरून ते उडायचं ती तार मागच्या रांगेतूनही दिसायची.

उदयसिंगाची एक रीत होती. काल ज्यांनी सिनेमा पाहिला, त्यांनी आज दिवेलागणीला तंबूबाहेर माईकवर येऊन आपलं मत सांगायचं. जो मत सांगेल त्याला त्या दिवशीचा पास फुकट. लोक त्या वेळेला शेतातून घरी आलेले असत, त्यामुळे ही मतं मी गावाच्या पार शेवटच्या घरापर्यंत पोचवायचो आणि ती ऐकून गर्दी जमायची.

मतं ऐकण्यासारखी असायची. रंगूबाई नावाची म्हातारी माईकला तोंड लावून म्हणाली, “भूत पाहून मले काई भेव नाही वाटलं बाप्पा. माही सून याच्याहून भेसूर दिसते पहाटं.” सून खालीच उभी होती. तिनं तिथूनच उत्तर दिलं, “मंग फुकटात पायत जा न मले, पास कायले मांगता?” त्या दिवशी तंबू भरला.

सगळ्यात गाजला तो ग्यानबा. ग्यानबा हा शालिग्रामजींचा सालदार, म्हणजे वर्षाच्या कराराचा गडी. त्याला सिनेमातल्या चुका दिसायच्या. रोज तो माईकवर एक चूक सांगायचा आणि लोक ती चूक पाहायला रात्री तिकीट काढायचे. “गाडीवान धोतरात हाय अन् मनगटावर घड्याळ बांधेल हाय.” “बैल उजवा जुपला व्हता, गावात शिरला त डावा झाला.” “विहिरीचं पाणी हालतच नाही. आरसा ठेवेल हाय जी खाली.” उदयसिंगाला वाटलं होतं, भूत पाहून लोक येतील. लोक ग्यानबासाठी येत होते.

आता शालिग्रामजींविषयी सांगतो. गावातली सगळ्यात मोठी जमीन त्यांची. तंबू त्यांच्याच पडीक वावरात उभा होता, म्हणून पहिल्या खेळानंतर पहिलं मत त्यांचं. ते खुर्चीवरून उठले, माईक हातात घेतला आणि म्हणाले, “सिनेमा खरा हाय. आपल्याच गावात पाहा न. दुष्काळात केशरबाई माह्या विहिरीत पाय घसरून पडली, अन् आता तथीच भूत होऊन बसली. पोराबाळांनो, त्या विहिरीकडे जाऊ नका.”

हे मी बोललो. माझ्या तोंडातून ते गावभर गेलं.

केशरबाई बौद्धवाड्यातली होती. छप्पन साली तिनं दीक्षा घेतली, तेव्हा घरातले ताईत, लिंबू, काळी बाहुली असं सगळं एका टोपल्यात भरून नाल्यात सोडून आली होती. त्यानंतर कुणी झपाटलं-बिपाटलं म्हटलं की ती हसायची. जिनं भुतांना घराबाहेर काढलं, तिलाच गावानं मेल्यावर भूत केलं. आणि हे भूत शालिग्रामजींच्या फार सोयीचं होतं. विहिरीकडे कुणी फिरकत नव्हतं, कुणी काही विचारत नव्हतं. भुताच्या मरणाची चौकशी कोण करतं?

केशरबाईला एकच मुलगी, बेबीताई. ती वाशीमला शाळेत शिकवायची. आई गेली तेव्हा ती पोलिसांकडे गेली होती. पाहणारा कोण, असं त्यांनी विचारलं. पाहणारा कुणी पुढे आला नाही. शनिवारी अर्धी शाळा सुटली की ती गाडीनं जऊळक्याला उतरायची आणि चालत गावात यायची. बौद्धवाड्यातल्या मावशीकडे राहायची. लोकांना वाटायचं, सिनेमाच्या नादानं येते. ती रडत नसे, भांडत नसे. तंबूत बायकांच्या बाजूला बसायची आणि सिनेमा पाहायची. म्हणजे आम्हाला तसं वाटायचं.

एका रविवारी दुपारी ती बल्लीखाली आली. उदयसिंग माझी वायर तपासत होता.

“उदयसिंगभाऊ, ग्यानबाभाऊंनी आजवर किती तरी चुका काढल्या. बाई विहिरीत पडते, त्याच्यात त्यांनी एकही काढली नाही.”

“नसंल चूक.”

“चिंध्यांचं बाहुलं आहे ते. लुगड्याला पायच नाहीत. ती पडते तेव्हा सगळा तंबू हसतो. ग्यानबाभाऊ खाली मान घालतात.”

उदयसिंगाचे हात थांबले. तो धंदेवाईक माणूस होता, पण बुद्धू नव्हता. “ताई, मी परगावचा. उद्या मला तंबू उचलून जायचं आहे.”

“तुम्ही काही करू नका. आज मी मत सांगीन. माझ्यानंतर माईक त्यांच्या हातात द्या.”

त्यानं माझ्या वायरीचं ढिलं टोक पक्कं आवळलं. मित्रांनो, त्या संध्याकाळपर्यंत मी उन्हात इतका तापलो होतो की माझ्यावर येऊन बसलेला कावळा लगेच उडाला.

दिवेलागणीला गर्दी जमली. शालिग्रामजी नेहमीप्रमाणे खुर्चीवर होते. बेबीताई माईकसमोर आली. वर्गात फळ्यापुढे उभी राहावी तशी उभी राहिली.

“मी केशरबाईची मुलगी. मले सिनेमा आवडला नाही. त्यातल्या बाईले मेल्यावर बोला लागते, कारण जित्तेपणी तिच्यासाठी कोणी बोललं नाही. माही आई बोलायले येणार नाही. तिनं भुतं मानली नाही, ते भूत झाली नाही. ते मेली.” मग तिनं वळून माईक ग्यानबाच्या हातात दिला. “ग्यानबाभाऊ, तुमाले सगळं बरोब्बर दिसते. सिनेमातली बाई पडते ते खरं हाय का खोटं?”

ग्यानबाला रोजची सवय होती. माईक हातात आला की त्याच्या अंगात मास्तर शिरायचा, आणि लोक ऐकायला थांबले की त्याच्यानं अर्धवट सोडवत नसे.

“खोटं हाय,” तो म्हणाला. “साफ खोटं. बाई अशी डोक्यावर पडत नाही. पाय घसरला त पाय आंधी जातात. हातानं ते काठ धरते. बोटं धरून राह्यते. अन् सिनेमात वरडते, तेबी खोटं. वरडायले दम कुठी असते? ते निस्ती वर पायते. मंग…”

गर्दीतून रंगूबाई म्हणाली, “मंग काय रे?”

“मंग बोटावर कोणी पाय देला त ते जाते.”

माझ्यातून हे वाक्य गावाच्या शेवटच्या घरापर्यंत गेलं. चुलीपाशी बसलेल्या बायकांनी ऐकलं, गोठ्यात दूध काढणाऱ्यांनी ऐकलं.

“कोणाच्या बोटावर?” बेबीताईनं विचारलं. तिचा आवाज चढला नाही.

ग्यानबानं खुर्चीकडे पाहिलं. “केशरबाईच्या. मालकानं. बादली भरून घेतली म्हणून. मी मोटेजवळ उभा व्हतो, ताई. मी काईच नाही केलं.”

“माईक बंद कर,” शालिग्रामजी उदयसिंगाला म्हणाले.

उदयसिंग मशीनपाशी वाकला, बटणं चाचपू लागला. जी बटणं तो अंधारातही चुकत नसे, ती त्याला त्या संध्याकाळी सापडेनात. शालिग्रामजी स्वतः उठले. त्यांनी बल्लीचे दोर सोडले आणि बल्ली हलवून मला खाली पाडलं. मेखा ठोकायची मोगरी तिथंच पडली होती. ती उचलून ते मला ठेचू लागले. माझं तोंड एका बाजूनं आत गेलं, मोठा पोचा पडला. पण माझं आतलं युनिट जिवंत होतं, माईक ग्यानबाच्या हातात तसाच होता आणि ग्यानबा त्यांच्यासमोरच उभा होता.

“हरामखोर,” शालिग्रामजी म्हणाले, “तिच्यामागं तुले बी लोटून देलं असतं त आज हे आयकाची पाळी आली नसती.”

तेही मी बोललो. जमिनीवर पडून, घशात माती गेलेली असताना, फाटक्या आवाजात बोललो. माझ्या आयुष्यात मी इतकं मन लावून दुसरं काहीच बोललेलो नाही.

पुढे कुणी त्यांना हात लावला नाही. गर्दी फक्त मागे सरकली आणि ते मोगरी हातात घेऊन मोकळ्या जागेत एकटेच उरले. त्या दिवशी सिनेमा झाला नाही. ग्यानबा मालकाच्या गोठ्यावर परत गेला नाही, बौद्धवाड्यातच राहिला.

वाशीमच्या कोर्टात मलाही नेलं होतं. टेबलावर ठेवून मला सगळ्यांना दाखवलं. शालिग्रामजींच्या वकिलानं ग्यानबाला हसत विचारलं, “सिनेमात पाहिलं तेच इथं सांगतोस ना?”

ग्यानबा म्हणाला, “नाही जी. सिनेमात ते येगळीच पडली. म्हणून त सांगून राह्यलो.”

शिक्षा झाली. जन्माची. बेबीताई निकाल ऐकून बाहेर आली आणि कोर्टाच्या पायरीवर बसली. तिथं मात्र ती रडली, आणि बराच वेळ रडली. आई गेल्यापासून तिला त्यासाठी सवडच मिळाली नव्हती.

खटला संपल्यावर उदयसिंगानं मला तिच्या स्वाधीन केलं. आता ती बौद्धवाड्यातच राहते, आणि मी तिच्या घराच्या ओसरीवर खिळ्याला टांगलेला आहे. वाजत नाही. येणारा-जाणारा माझ्याकडे पाहतो, नवखा असला तर विचारतो, आणि बेबीताई त्याला सगळं पहिल्यापासून सांगते. नाव घेऊन सांगते.

परवा शालिग्रामजींची बायको चतुराबाई आली होती. डोक्यावरून पदर घेऊन ओसरीच्या कडेला बसली.

“बेबी, झालं ते झालं. माह्या नातीचं लग्न जमून राह्यलं. पावणे या रस्त्यानं येतात, तो भोंगा पायतात, इचारतात. मी म्हणतो, आमी त्याले अकोल्याले नेतो, पोचा काढतो, रंग मारून देतो. नव्यासारखा करून देतो तुले.”

बेबीताई आत गेली आणि चहा घेऊन आली. कप तिच्या हातात दिला.

“नातीचं चांगलं होऊ द्या काकू. तिचा काही दोष नाही. चहा घ्या. पोचा राहू द्या.”

“मन मोठं कर न पोरी.”

“मोठंच आहे. त्याच्यात सगळं राह्यते.”

चतुराबाईनं चहा घेतला, कप विसळून पालथा ठेवला आणि ती निघून गेली.

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तू शेवटी तुमच्याकडे काहीतरी मागतात. धूळ पुसा, गंज घासा, अडगळीत टाकू नका, असं आम्ही म्हणतो. मीही म्हणतो. माझ्यावर चिमण्यांनी घरटं केलं तर ते काढा, पावसाळ्यात मला आत घ्या, खिळा सैल झाला तर ठोका. पण कुणी भला माणूस हातोडी घेऊन मला सरळ करायला आला, तर त्याला ओसरीवर चढू देऊ नका.