दारातली वीट

मित्रांनो, मी एक जुनी शेगडी आहे, आणि जळणे हा माझा स्वभावच आहे. लिसेबो नावाच्या मुलीच्या घरामागच्या भिंतीला टेकून मी उभी असते. माझ्या अंगावर ही मोठी चीर दिसते ना? ती कशी पडली, तेच आज सांगते.

जन्माने मी रंगाचा डबा. लिसेबोचे आजोबा, न्ताते (म्हणजे बाबा) ट्लाली, यांनी खिळ्याने मला भोके पाडली, तारेची कडी लावली आणि मी शेगडी झाले. लेसोथोतली थंडी म्हणजे हाडे गोठवणारी. अकरा हिवाळे मी या घराला ऊब दिली. आजोबांची रीत ठरलेली होती. मला बाहेर वाऱ्यावर पेटवायचे, कोळसा लाल होऊन धूर थांबला की आत आणायचे आणि दारात एक वीट ठेवायची, म्हणजे दार पुरते लागत नसे. त्या फटीतून गारठा येई. "न्ताते, त्या विटेलाही आत घ्या की, गारठली असेल बिचारी!" अशी त्यांची सून मालिसेबो, म्हणजे लिसेबोची आई, थट्टा करायची.

मग दूर खाणीत कामाला असलेल्या लिसेबोच्या बाबांनी गॅसचा हीटर पाठवला. काय त्याचा तोरा! चकचकीत अंग, खाली चाके. मालिसेबोने त्याच्यासाठी लोकरीचे झाकण विणले. मला पावसात कधी फाटके पोतेही मिळाले नव्हते, मित्रांनो. मी मागच्या भिंतीशी गंजत उभी राहिले आणि खिडकीतून त्याचा उजेड बघत मनात बोटे मोडू लागले, "मेल्या, संपू दे एकदा तुझा गॅस!"

तो दिवस आला. सप्टेंबर, म्हणजे आमच्याकडचा वसंत होता, पीचची झाडे गुलाबी फुलांनी भरली होती, आणि सोमवारी बर्फ पडायला लागला. आमच्या डोंगरांना बर्फ नवा नाही, पण ऐन फुलोऱ्यात, अंगणात गुडघाभर बर्फ आजोबांनीही पाहिला नव्हता. बुधवारी रस्ता बंद झाला. गुरुवारी सिलिंडर संपला.

"म्मे, शेगडी आणू आत?" लिसेबोने आईला विचारले.

मी आत गेले तेव्हा हीटर कोपऱ्यात गार पडला होता. मला इतके बरे वाटले म्हणून सांगू!

शुक्रवारी दुपारी आजोबा बर्फात अडकलेल्या मेंढ्या काढायला निघाले. "वीट हलवू नका गं," असे त्यांनी जाता जाता बजावले. पण वारा वाढला, आणि फटीतून बर्फ थेट लिसेबोच्या तान्ह्या भावाच्या, थुसोच्या, अंथरुणावर येऊ लागला.

"वीट धुरासाठी असते," मालिसेबो म्हणाली. "आता धूर आहेच कुठे?" तिने वीट काढली, दार लावले आणि खालच्या फटीत घोंगडी कोंबली.

खरे सांगते, मला आनंदच झाला. आता ही सगळी माझी, एकटीची! थुसो झोपी गेला. लिसेबो पेंगू लागली.

"म्मे, डोकं दुखतंय गं."

"सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या, दुखणारच. थांब, मक्याच्या पिठाची पापा शिजतच आलीय."

माझ्या उबेनेच पोरे गुंगली, असे वाटून मी हीटरकडे बघत नाक मुरडले. इतक्यात मालिसेबोच्या हातातला पळा पडला. तो उचलायला ती वाकली आणि तिथेच बसली, मग आडवी झाली. लिसेबोने तिकडे पाहिलेसुद्धा नाही. तेव्हा मी घाबरले. पण मला विझता थोडेच येते!

दारावर धक्का बसला. घोंगडी अडकली होती. आजोबांनी खांद्याने दार लोटले.

"वीट कुठंय? अगं, वीट कुठंय?"

त्यांनी थुसोला, मग लिसेबोला, मग सुनेला ओढत बर्फात नेले. मग मला लाथ मारली. मी बर्फात पडले, चर्र आवाज झाला आणि माझे अंग उभे चिरले. मोकळ्या हवेत लिसेबो आणि तिची आई हळूहळू शुद्धीवर आल्या, पण थुसो हलत नव्हता. आजोबा त्याची पाठ चोळत होते. किती वेळ गेला कोण जाणे, आणि मग तो रडला.

"रड बाळा, रड! अजून जोरात!" म्हणत आजोबाच रडू लागले.

रविवारी ऊन पडले, रस्ता मोकळा झाला आणि नवा सिलिंडर आला. "ह्यालाही वीट आणि तिलाही वीट! धूर दिसला नाही तरी विषारी वायू असतोच," आजोबांनी दम भरला. मालिसेबोने हीटरचे लोकरीचे झाकण उसवले आणि त्याच लोकरीचे नवे विणले, विटेच्या मापाचे.

आता मला हीटरचा हेवा वाटत नाही. त्या विटेचा वाटतो. जळत नाही, ऊब देत नाही, नुसती दारात बसते, आणि अंगात लोकर! तरीही मित्रांनो, एवढे ऐका. मला आत घ्याल तेव्हा आधी तिला दारात बसवा. माझा कितीही जळफळाट झाला तरी तिला उठवू नका.