ओढ्यापुरता शाफ्ट

मी जीपचा पुढचा शाफ्ट बोलतोय. आवाज खालून येतोय म्हणून गोंधळू नका, माझी जागाच ती आहे. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांपर्यंत पोचवणारा लोखंडी दांडा, एवढीच माझी ओळख. जुनी गाडी बघायला येणारे लोक टायरला लाथ मारतात, दार आपटून बघतात आणि हॉर्न तर हमखास वाजवतात. वाकून माझ्याकडे बघणारा विरळाच. वाकलाच, तर त्याच्या खिशातून काहीतरी पडलेलं असतं.

माझ्या मागच्या भावाचं, म्हणजे मागच्या चाकांच्या शाफ्टचं, बरं आहे. गाडी रोज चालते ती त्याच्या जिवावर. मला काम लागतं ते चालकानं छोटा लीव्हर ओढून चारी चाकं कामाला लावली तरच, म्हणजे चिखलात, वाळूत किंवा चढाला. एरवी पुढची चाकं फिरतात म्हणून मीही फिरतो, हातात काम काही नसतं. लग्नाच्या मांडवात अशी माणसं तुम्ही पाहिली असतील.

जन्म माझा कारखान्यातला. तापवलं, कापलं, गरागरा फिरवून पाहिलं आणि तोल बरा आहे म्हणून शिक्का मारला. माझे दोन भाग आहेत. एक दुसऱ्याच्या आत खाचांवरून सरकतो. चाक खड्ड्यात गेलं की मी लांबतो, वर आलं की आखडतो. दोन्ही टोकांना क्रॉस नावाचे सांधे आहेत आणि ते एकमेकांशी सरळ रेषेत लागतात. खाचा मात्र सगळ्या सारख्याच. त्यामुळे एक भाग दुसऱ्यात कसाही वळवून बसवता येतो, पण नीट चालतो तो एकाच बैठकीत. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

कारखान्यातून मी थेट फौजेत गेलो आणि डोंगरातल्या एका छावणीत बरीच वर्षं काढली. तिथं रोज सकाळी कुणीतरी मला ग्रीस भरायचं. गरज होती की नाही हे कुणी विचारत नसे. पुढं गाडी लिलावात निघाली आणि कोरेगावजवळच्या एका गावात सयाजीरावांच्या दारात येऊन उभी राहिली.

सयाजीरावांनी फौजेत असल्याच गाड्या चालवल्या होत्या. ते हवालदार म्हणून निवृत्त झाले, पण गावानं त्यांना मेजर केलं. आमच्या भागात फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजर असतो, त्याला इलाज नाही. मेजरांचा ऊस आहे, लीलाबाई नावाची त्यांच्याहून कडक बायको आहे आणि जयराज नावाचा फौजेतच असलेला मुलगा आहे.

उसाच्या गावात माझ्यासारख्याला काय काम, असं वाटेल. तर मला काम होतं, वर्षातून दोनदा. मेजरांच्या रिकाम्या रानात दरवर्षी भाऊसो धनगराच्या मेंढ्या बसतात. भाऊसोची वाडी तिकडे म्हसवडच्या बाजूला. दिवाळी झाली की कळप घेऊन ते लोक चालत इकडं येतात. रानाला खत मिळतं, मेंढरांना चारा मिळतो, आणि दोन्ही घरं एकमेकांना नावं ठेवत मजेत राहतात.

भाऊसोची आई हरणाबाई जन्मभर त्या कळपाबरोबर चालली. पुढं खुबा मोडला आणि चालणं संपलं. घोड्यावर बसवेना. तेव्हापासून मेजर जीप घेऊन तिला आणायला जातात आणि पावसाळ्याआधी परत सोडायला जातात. वाडीच्या अलीकडं एक ओढा आहे. त्यात पाणी क्वचित, वाळू कायम. मागच्या दोन चाकांवर कुठलीच गाडी तिथून पलीकडे जात नाही. तिथं मेजर लीव्हर ओढतात आणि मी कामाला लागतो. ओढा छोटा आहे, पण माझी नोकरी तेवढ्यासाठीच आहे, आणि मला ती फार आवडते.

आता गेल्या वर्षीच्या खंडेनवमीचं सांगतो.

खंडेनवमीला बाकीचे लोक विळा-कुऱ्हाड पूजतात, ट्रॅक्टरला झेंडूचा हार घालतात आणि जेवायला बसतात. मेजरांकडे तसं चालत नाही. अंगणात घोंगडी अंथरायची आणि फौजेत तपासणीला सामान मांडतात तसं सगळं हत्यार एका ओळीत, लांबीप्रमाणे मांडायचं. गेल्या वर्षी त्यांच्या मनात आलं की ओढ्यात खरी लढाई हा शाफ्ट करतो, मग घोंगडीवर ह्यालाही जागा पाहिजे. मला भरून आलं. ह्याआधी मला कुणी हत्यार म्हटलं नव्हतं.

मेजरांनी स्वतः गाडीखाली झोपून मला सोडवलं, दोन्ही भाग वेगळे केले आणि लीलाबाईंच्या पुढ्यात ठेवले. "चकाचक कर," असा हुकूम दिला. लीलाबाईंनी डिझेलमध्ये काथ्या बुडवला आणि पितळी हंडा घासतात तसं मला घासलं. माझ्या अंगावर एक पांढरी रेघ होती. कोरेगावचा अर्जुना मिस्त्री मला कधी खोलायचं झालं तर आधी दोन्ही भागांवरून ती रंगाची रेघ ओढायचा, म्हणजे जोडताना रेघेला रेघ जुळली की झालं. लीलाबाईंना ती मळ वाटली. काथ्यानं निघेना, तेव्हा त्यांनी नखानं काढली. त्या कामात काही राहू देत नाहीत.

मग हळद-कुंकू झालं, आरती झाली, मला पेढासुद्धा ठेवला. दुपारी मेजरांनी मला जोडलं. दोन्ही भाग सुखानं एकमेकांत सरकले, चुकीच्या बैठकीत. मी ओरडलो असतो, पण आम्हाला त्यासाठी आधी फिरावं लागतं.

फिरलो, आणि ओरडलो. जीपनं जरा वेग घेतला की बुडातून अशी थरथर उठायची की आरसा फिरून चालकाऐवजी मागच्या सीटकडे बघायला लागायचा. दिवाळीला जयराज सुट्टीवर आला. बायकोला, म्हणजे राजेश्वरीला, घेऊन तो जीपमधून बाजारात गेला आणि दोघं परत आली ती एसटीनं.

अर्जुना मिस्त्रीला बोलावलं. त्यानं हात लावून मला हलवलं, दोन्ही क्रॉस खिळखिळे झालेले दाखवले, आणि योग्य तोच प्रश्न विचारला.

"मेजर, मधी ह्यो कुणी खोलला हुता का?"

"छ्या! तुज्याबिगर कोण हात लावतंय त्याला?" मेजर म्हणाले.

ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या हिशेबी खोलणं वेगळं आणि पूजा वेगळी. अर्जुनाचाही त्यांच्या शब्दावर विश्वास.

"मग दांडाच वाकलाय. क्रॉस बदलून भागायचं न्हाई. बदला आख्खा."

पण असा शाफ्ट आता सहज मिळत नाही. अर्जुनानं कराडला फोन लावला. तिथं एक होता, तोही दुसऱ्या गाडीचा आणि बोटभर जास्त लांब. कापून जोडून घ्यायचा तर दिवाळीनंतरही बरेच दिवस लागणार होते.

"आण्णा, एक सांगू का?" जयराज मेजरांना म्हणाला. "काढून टाका ह्याला. मागच्या चाकांवर गाडी पळती की. थरथर बंद, कटकट बंद. ह्याचं वर्षात काम ते काय?"

मला पटण्यासारखं बोलला, हेच वाईट होतं.

तेवढ्यात मेजरांचा फोन वाजला. भाऊसो होता. मेजरांना कमी ऐकू येतं, त्यामुळे त्यांचे फोन गावाला ऐकू येतात.

"मेजर, पाडवा झाला की आमी कळप हलवतोय. आय इचारतीया, गाडी कवा येनार?"

मेजरांनी अडचण सांगितली. ओढ्यात गाडी उतरायची नाही, तर ओढ्यापर्यंत कुणीतरी म्हातारीला पाठीवर आणावं, असं सुचवलं. पलीकडे फोन ओढून घेतल्याचा आवाज आला आणि हरणाबाई बोलायला लागली.

"मेजर, मला उचलून न्यायची न्हाई. उचलून मढं नेत्यात. गाडी दारात येत आसंल तर मी येती. न्हाईतर ऱ्हाती हितंच."

"आवं आज्जी, थोडंच अंतर हाय..."

"मला ठावं हाय अंतर. माज्या पायानं मोजलंय."

फोन बंद झाला. कळप, लेक, सून, घोडी, कुत्री सगळी निघाल्यावर ती बाई रिकाम्या घरात शेजाऱ्यांच्या भरवशावर बसून राहणार होती. जन्मात पहिल्यांदा. मेजरांनी फोन खिशात ठेवला. मग अर्जुनाला म्हणाले, "काड."

मला काढलं. अंगणात, खंडेनवमीला जिथं घोंगडी अंथरली होती साधारण तिथंच, भंगाराच्या पत्र्यांशेजारी ठेवलं. तेव्हा पेढा होता, आता फुटकी बादली होती. तक्रार नाही, पण फरक जाणवतो.

लीलाबाई चहा घेऊन आल्या. मला बघून त्यांना वाईट वाटलं असावं, कारण त्या थांबल्या.

"आता गं बया! येवढा घासला हुता मी ह्याला. ती पांढरी रेग तर जाता जाईना. नखं मोडली माजी."

अर्जुनाचा कप ओठापाशी थांबला.

"कसली रेग, काकी?"

"आडवी न्हाई का व्हती? दोनी तुकड्यांवर. खंडेनवमीला ह्यांनी सोडवून दिला तवा काडली मी. ह्येच म्हनले, चकाचक कर."

अर्जुना मेजरांकडे बघत होता. जयराज अर्जुनाकडे बघत होता. मेजर माझ्याकडे बघत होते, जणू मीच काहीतरी सांगेन. मी तर दसऱ्यापासून तेच सांगत होतो.

"मेजर," अर्जुना हळूच म्हणाला, "म्या इचारलं हुतं. कुणी खोलला का म्हून."

"पूजा हुती ती," मेजर म्हणाले. मग त्यांनाच ते ऐकून कसंतरी झालं.

लीलाबाईंचा चेहरा उतरला. "म्हंजी माज्यामुळंच झालं व्हय?"

"न्हाई," मेजर म्हणाले. "हुकूम माजा हुता."

फौजेतून माणसं काय काय शिकून येतात ते मी पुष्कळ पाहिलंय. हे एक मला आवडलं.

अर्जुनानं मला तिथंच खोललं. दोन्ही सांधे डोळ्यासमोर धरून सरळ रेषेत आणले आणि भाग नीट बसवले. थरथरीनं क्रॉस मात्र खरंच गेले होते. ते दोन्ही नवे घातले. मग त्यानं रंगाचा डबा बाजूला सारला, टोकदार छिन्नी घेतली आणि दोन्ही भागांवर समोरासमोर एकेक टिंब ठोकलं. दुखलं. पण आता ते कुठल्याही काथ्यानं निघणार नव्हतं.

पाडव्यानंतर आम्ही गेलो. जयराज चालवत होता, मेजर शेजारी. दहिवडी मागं पडली, ऊस कधीच संपला होता, दोन्ही बाजूंना माळ. मी फिरत होतो आणि कुणाला माझा पत्ताही नव्हता. शाफ्टाच्या आयुष्यात याहून मोठा मान नसतो.

ओढ्याच्या काठावर जयराजनं लीव्हर ओढला. पुढच्या चाकांखाली वाळू सरकली, मग धरली. नवे क्रॉस थोडे कुरकुरले, नवे लोक कुरकुरतातच. आम्ही पलीकडे निघालो आणि थेट दारात जाऊन उभे राहिलो.

हरणाबाई गाठोडं घेऊन ओट्यावर बसली होती. गाडी येणार नाही असं सांगितलेलं असताना गाठोडं का बांधलं होतं, हे तिला कुणी विचारलं नाही. ती काठी टेकत आली, पाय उचलून पायरीवर ठेवला आणि कुणाचा हात न धरता वर चढली. वेळ लागला. सगळे थांबले. मेजर गुपचूप मागच्या सीटवर गेले.

परत ओढ्यात उतरताना जयराजला राहवलं नाही. "आज्जी, ह्याच्यात आता निम्मं सामान नवं हाय. फुडल्या वर्सी आनकी काय तरी बदलंल. मग ह्याला जुना म्हनायचा का नवा?"

"माज्या लग्नातलं एक तरी मेंढरू हाय का आता आमच्या कळपात?" हरणाबाई म्हणाली.

"न्हाई."

"मग? कळप त्योच हाय न्हवं?"

जयराजनं गिअर खाली घेतला. वाळू भुसभुशीत होती, त्याचं लक्ष तिकडं असावं. मला मात्र ते वाक्य सगळ्या सांध्यांत जाऊन बसलं. कारखान्यातला शिक्का केव्हाच पुसला गेला, आता हे आहे.

यंदाची खंडेनवमी काल झाली. घोंगडी अंथरली, हत्यारं ओळीत मांडली. मला कुणी खोललं नाही. लीलाबाईच पदर खोचून गाडीखाली आल्या, पोत्यावर पाठ टेकून, या वयात. अर्जुनाची टिंबं त्यांनी बोटानं चाचपली. एकावर कुंकू लावलं, मग दुसऱ्यावर.

"आवं, समोरासमोर आल्यात का बगा नीट."

मेजर गुडघ्यावर बसले, मान वाकडी करून त्यांनी पाहिलं. "आल्यात."

वाचकांनो, तुमच्या घरात एखादी वस्तू एकाएकी थरथरायला लागली, तर तिला भंगारात काढण्याआधी एवढंच विचारून बघा की अलीकडे तिची कुणी फार काळजी घेतली होती का. अंगणातली ती भंगाराची जागा माझ्या ओळखीची आहे. फुटकी बादली अजून तिथंच आहे.

आता मी रजा घेतो. हरणाबाईचा फोन येऊन गेला. गाडी कधी येणार, असं यंदा तिनं विचारलंच नाही. गाठोडं बांधलंय, एवढंच सांगितलं.