शाळेचा दरवाजा बाहेर उघडायचा

मित्रांनो, मी आता कुणाला आत घेत नाही आणि कुणाला बाहेरही सोडत नाही. खिचडीच्या शेडमागे, भिंतीला टेकवून मला ठेवलंय. माझ्या आडव्या पट्ट्यांवर शाळेची खिचडी रांधणारी कमळाताई धुतलेली फडकी वाळत घालते. पण बावीस वर्षं मी एका शाळेचा लोखंडी दरवाजा होतो, आणि एका दुपारी एकशे सतरा मुलं माझ्या आत अडकली होती. ते कसं घडलं, ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला स्वस्थता नाही.

भिवंडीजवळच्या अंजूरकडून खाडीच्या बाजूला जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव. नाव सांगत नाही, कारण तिकडे अशी गावं आता पुष्कळ झाली आहेत. माझा जन्म मात्र जवळच्या कोन गावातला. तिथल्या नाक्यावर दामू वेल्डरची शेड होती. त्याने पाइप कापले, पट्ट्या जोडल्या आणि माझ्या दोन झडपा तयार केल्या. वर भाल्यासारखी टोकं बसवली. मग शाळेत येऊन त्याने त्या वेळच्या गुरुजींना विचारलं, "गुरुजी, आत उघडता ठेवू का बाहेर?"

गुरुजी म्हणाले, "बाहेरच ठेव. आत मुलं प्रार्थनेला अगदी दाराशी बसतात, कुणाला लागायला नको. बाहेर काय, सगळं मोकळं शेतच आहे."

खरंच होतं ते. माझ्यासमोर एक कच्चा रस्ता होता आणि त्यापलीकडे भाताची खाचरं. गुरुजींनी मुलांचाच विचार केला होता. त्यांना मी कधीच दोष दिला नाही.

आमच्या आवारात शाळा दोन. डाव्या हाताला मराठी, उजव्या हाताला उर्दू. नळ एक, मैदान एक आणि दरवाजा एक. सकाळी एकीकडे प्रार्थना व्हायची, दुसरीकडे दुआ, आणि दोन्ही संपल्यावर सगळी मुलं एकाच नळावर भांडायची. गावातल्या शेतकऱ्यांची मुलं होती, भिवंडीत लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला जाणाऱ्यांची होती. माझ्यावर चढून झोके घ्यायला सगळ्यांनाच आवडायचं. मला निळा रंग दिला तेव्हा एक साहेब पाहणीला आले होते. ते म्हणाले, "शाळेचं दार असं हवं, लांबून ओळखू येणारं." ते शब्द मी पुष्कळ दिवस जपून ठेवले होते.

मग शेतं विकली गेली. आधी समोरचं खाचर, मग बाजूचं, मग मागचं. पत्र्याच्या उंच भिंती उभ्या राहिल्या आणि त्यांच्यावर गोदामांचे नंबर आले. शाळेच्या तिन्ही बाजूंनी पत्रा चढला तेव्हा वर्गात दिवसाही दिवे लावायची वेळ आली. रस्ता पक्का झाला, तोही एकदा नाही, तीनदा. दर वेळी नवा थर जुन्यावरच चढला आणि रस्ता माझ्या पायापेक्षा उंच झाला. माझी उजवी झडप डांबराला अडून कायमची बंद पडली. डावी कशीबशी अर्धी उघडायची. मुलं एकेक करून, दप्तर पुढे धरून, अंग चोरून आत यायची.

आणि गाड्या! गोदामात माल उतरवायला नंबर लागेपर्यंत ट्रेलर माझ्यासमोर उभे राहायचे. ड्रायव्हर बिचारे दोन-दोन दिवसांचे जागे असत. कुणी स्टिअरिंगवर मान टाकून झोपायचा, कुणी किल्ली खिशात घालून जेवायला जायचा.

या सगळ्यांशी एकटीने झगडत होत्या त्या विद्युल्लताबाई. मराठी शाळेच्या मुख्याध्यापिका. मुलं त्यांना लताबाई म्हणायची. भिवंडीहून रिक्षाने येत आणि सगळ्यात आधी माझं कुलूप उघडत. त्यांनी ग्रामपंचायतीला लिहिलं, पंचायत समितीला लिहिलं, पोलीस चौकीत जाऊन आल्या. दरवाजा आत उघडेल असा करून द्या, समोर गाड्या लावू देऊ नका, एवढंच मागणं. उत्तर यायचं की पाहणी करून उचित कार्यवाही करण्यात येईल. पाहणीला एकदा दोघे आलेही. त्यांची गाडी त्यांनी माझ्यासमोरच लावली.

शेवटी बाई थकल्या. त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर उर्दू शाळेच्या खदीजा टीचरना त्या माझ्याजवळ उभ्या राहून म्हणाल्या, "या वेळी अर्ज नाही करत मी. सहा महिन्यांत रिटायर होणार. काय ते नवीन येणारे बघतील."

खदीजा टीचर म्हणाल्या, "बाई, तुम्ही कमी लिहिलंय का? जाऊ द्या."

बाईंनी माझ्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. जणू मी त्यांना काही बोलणार होतो.

फेब्रुवारीतला मंगळवार होता. मुलं खिचडी खाऊन ताटं धूत होती. एक लांबलचक ट्रेलर मागे येत येत थेट मला चिकटला. मधे वीतभरसुद्धा जागा राहिली नाही. ड्रायव्हर उतरला, किल्ली घेतली आणि गोदामाच्या ऑफिसकडे निघून गेला. असं पूर्वीही झालं होतं. बाईंनी नुसतं कपाळाला हात लावला.

अर्ध्या तासाने शेजारच्या गोदामात काहीतरी फुटल्याचा आवाज आला. मग दुसरा. पत्र्याच्या फटीतून काळा धूर यायला लागला. त्याचा वास असा होता की लहान मुलं एकदम खोकायला लागली. तिथे पिंपांमधून काय साठवलं होतं, ते शाळेत कुणालाच ठाऊक नव्हतं.

"सगळे बाहेर! दप्तरं राहू द्या!" बाई ओरडल्या.

मुलं धावत माझ्यापाशी आली. कमळाताईने कडी काढली आणि मला ढकललं. मी हललो नाही. खदीजा टीचरनी ढकललं, मोठ्या मुलींनी ढकललं. मी ट्रेलरच्या लोखंडाला टेकलो आणि तिथेच अडलो. मित्रांनो, दरवाजाने उघडावं एवढंच त्याचं काम असतं. एकशे सतरा मुलं माझ्यावर रेटत होती आणि ते एवढंसं काम माझ्याच्याने होत नव्हतं.

मुलांना वरून चढवावं तर माझी टोकं होती, आणि त्यांना लागूनच ट्रेलरचा उभा डबा. मागची भिंत दोन पुरुष उंच. धूर आता मैदानात उतरला होता. कमळाताई पदर भिजवून लहानग्यांच्या तोंडावर धरत होती. खदीजा टीचर फोनवर पुन्हा पुन्हा पत्ता सांगत होत्या. आगीचा बंब निघाला होता, पण तो कशेळीच्या बाजूला ट्रॅफिकमध्ये अडकला होता.

तेवढ्यात ट्रेलरच्या खालून एक डोकं दिसलं. कासमचाचा. भिवंडीत लूम दुरुस्त करणारे मिस्त्री. त्यांची नात हफसा उर्दू शाळेत दुसरीत होती. रात्रपाळी करून ते घरी झोपले होते. धूर बघून हत्यारांची पिशवी घेऊन तसेच पळत आले आणि चाकांमधून सरपटत माझ्यापर्यंत पोचले.

"टीचर, दरवाजा उघडायचा नाय," ते खालूनच म्हणाले. "काढायचा. बिजागऱ्याच काढतो. पोरांना मागे घ्या."

दामूने माझ्या डाव्या झडपेला तीन बिजागऱ्या दिल्या होत्या, प्रत्येकीला चार बोल्ट. ते बाहेरच्या बाजूला होते. चाचा बाहेर सरकून खांबाशी उभे राहिले, पण ट्रेलर आणि माझ्यामधल्या फटीत त्यांचा एकच हात मावत होता. त्यांनी पिशवीतलं लूमचं तेल ओतलं आणि पाना लावला. खालचे चार सुटले. मधले चार सुटले. वरचे मात्र बावीस वर्षांच्या गंजाने धरून ठेवले होते. चाचांच्या बोटांतून रक्त येत होतं. "छोड दे रे," ते पुटपुटत होते, "छोड दे बाबा." ते मलाच सांगत होते. मला सोडायचंच होतं! पण घट्ट धरायला मला शिकवलं होतं, सोडायला कुणी शिकवलं नव्हतं.

दोन बोल्ट तुटले. उरलेल्या दोघांवर मी लोंबकळायला लागलो.

"आतून ओढा!" चाचा ओरडले.

लताबाई, खदीजा टीचर आणि कमळाताई, तिघींनी माझ्या पट्ट्या धरल्या आणि अंगाचा सगळा भार मागे टाकला. कडकड आवाज झाला आणि मी आत कोसळलो.

दोघी बाजूला झाल्या. लताबाईंचा डावा पाय माझ्याखाली आला.

मला ते कळलं. हाड कसं मोडतं, ते मला त्या दिवशी कळलं. बाईंच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला, पण त्या गोंधळात तो कुणाला ऐकू गेला नाही. त्या माझ्या कडेला बसल्या होत्या, जणू मुद्दामच बसल्या असाव्यात. समोर ट्रेलरच्या खाली, चाकांच्या मधे, लहान मूल वाकून जाईल एवढी वाट दिसत होती.

"एकेक जण," बाई म्हणाल्या. "धावायचं नाही. आधी पहिली-दुसरी. मी मोजते आहे."

आणि मुलं निघाली. वाट माझ्यावरूनच होती. प्रत्येक मूल माझ्यावर पाय देऊन पुढे जात होतं, आणि प्रत्येक पावलाचा भार बाईंच्या पायावर उतरत होता. त्यांनी ओठ दाताखाली धरले होते. "एक. दोन. तीन." मला वाटत होतं, कुणीतरी बघावं. मी ओरडू शकत नव्हतो. उठू शकत नव्हतो. "एकोणीस. वीस." पलीकडे गोदामातले हमाल आणि चाळीतल्या बाया मुलांना दंडाला धरून रस्त्यावर ओढून घेत होत्या.

चाळीस-एक मुलं गेली असतील. हफसा चाकांच्या मधे होती, आणि अचानक ट्रेलरचं इंजिन सुरू झालं. ड्रायव्हर धावत आला होता. आपल्या गाडीने वाट अडवली हे त्याला कळलं होतं आणि ती बाजूला घ्यायची त्याला घाई झाली होती. खाली मुलं आहेत, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"बंद कर! नीचे बच्चे हैं!" रस्त्यावरून शंभर आवाज उठले. चाचा तर चाकासमोर आडवेच झाले. ब्रेक सुटल्याचा फुस्स आवाज झाला, चाक इंचभर हललं आणि थांबलं. इंजिन बंद पडलं. ड्रायव्हरने खाली उडी मारली, किल्ली एका हमालाच्या हातात कोंबली आणि रस्त्यावरच खाली बसला. वयाने फार मोठा नव्हता तोही.

हफसा मधेच बसून राहिली होती. चाचांनी तिला हात दिला. "आजा, बेटा. कुछ नहीं हुआ."

"त्रेचाळीस," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता फार लहान झाला होता.

शेवटी सातवीच्या मुली गेल्या. "एकशे सतरा." खदीजा टीचर म्हणाल्या, "बाई, चला, आता आपण." बाई उठल्या नाहीत. तेव्हा कुठे कमळाताईचं लक्ष गेलं.

"अगं बाय माझे! दरवाज्याखाली पाय हाय तुमचा! कधीपासून?"

"पहिलीपासून," बाई म्हणाल्या.

चाचांनी आणि दोघींनी मिळून मला उचललं. बाईंना चादरीवर घालून त्याच वाटेने बाहेर नेलं. बंब पोचला तेव्हा उर्दू शाळेच्या दोन वर्गांचे पत्रे वाकले होते. मैदानात कुणी नव्हतं, फक्त दप्तरं आणि मी.

पुढे फोटो आले, साहेब आले, भाषणं झाली. बाईंना शाल दिली, चाचांना श्रीफळ दिलं. नवा दरवाजा बसला, बाजूला सरकणारा. रस्त्यावर पिवळा पट्टा मारला आणि वर पाटी लावली की इथे वाहने उभी करू नयेत. मला मागे आणून ठेवलं. दोन महिने सगळं नीट चाललं. मग पट्ट्यावर चाकांचे डाग पडले. तिसऱ्या महिन्यात एक टेम्पो पाचच मिनिटांसाठी थांबला.

बाईंच्या पायाला प्लास्टर होतं. त्यातच त्या मे महिन्यात निवृत्त झाल्या. त्यांची मुलगी तनया चिपळूणला असते. आईने आता तिच्याकडे राहायला यावं म्हणून ती रोज फोन करते. खोलीही तयार करून ठेवली आहे म्हणे. पण जूनमध्ये शाळा उघडली त्या सकाळी बाई रिक्षातून उतरल्या, काठी टेकत आल्या, आणि पिवळ्या पट्ट्याच्या बरोबर मध्यावर त्यांनी एक प्लॅस्टिकची खुर्ची टाकली. तेव्हापासून रोज, शाळा भरल्यापासून सुटेपर्यंत, त्या तिथे बसतात.

एकदा कमळाताई चहा घेऊन गेली आणि म्हणाली, "बाई, किती दिवस बसणार अशा? जावा ना लेकीकडे. बघतील सगळे."

"सगळे बघतात गं," बाई म्हणाल्या. "दिवाळीनंतर मीही तेच म्हटलं होतं."

लोक येता-जाता त्यांना नमस्कार करतात. ड्रायव्हर मुकाट्याने गाडी पुढे घेतात. पुष्कळांना वाटतं, केवढी ही निष्ठा. मला मात्र ते बघवत नाही. मुलं सुटली, मीही बिजागऱ्यांतून सुटलो. एवढ्या सगळ्यांत अडकून राहिल्या त्या बाईच. दोन गाड्यांएवढी जागा मोकळी राहावी म्हणून एका पाय मोडलेल्या बाईला उन्हात आपलं म्हातारपण पसरून बसावं लागतं.

म्हणून, मित्रांनो, माझं एक ऐका. उद्या शाळेत जाल तेव्हा आपला दरवाजा पूर्ण उघडून बघा. कुठे अडत असेल तर मोठ्यांना सांगा, आणि त्यांनी ऐकलं नाही तर परत सांगा. तुमच्या घरातलं कुणी गाडी चालवत असेल, तर कुठल्याही शाळेसमोर ती क्षणभरसुद्धा उभी करू देऊ नका. आणि कधी आमच्या रस्त्याने आलात, तर खुर्चीवरच्या बाईंना नमस्कार नाही केलात तरी चालेल. तेवढी जागा त्यांच्याशिवायही मोकळी राहते, एवढं त्यांना दिसू द्या. बाईंना चिपळूणला जायचंय.