वाईदामूची भाची

गेल्या दोन वर्षांत वाईदामू गावाला परदेशातून दोनदा मदत आली आणि दोन्ही वेळा इसिकेलीचं एकेक डुक्कर गेलं. पाण्याची टाकी आली, एक भट्टीत गेलं. सौरदिवे आले, दुसरं गेलं. देणाऱ्या पाहुण्याला नुसत्या मासळीवर परत धाडायचं, हे फिजीतल्या कुठल्या गावाला शोभेल? इसिकेली गावचा कारभारी, म्हणून मानही त्याचा आणि डुक्करही त्याचंच. आणखी दोन-चार उपकार झाले तर मी भिकेला लागेन, असं तो उघड म्हणायला लागला होता.

आता शाळेला संडास आले होते आणि कुंपणात एकटी मरामा डुकरीण उरली होती, तीही गाभण. वादळात तिची आई मेली तेव्हा इसिकेलीने तिला नारळाचं दूध पाजून जगवलं होतं. तिला कापायचं या विचाराने त्याला घास उतरत नव्हता.

"लितिया," तो बहिणीला म्हणाला, "संडास देणाऱ्या संस्थेच्या त्या फिलिपाला तू लेक मानून घे."

"का रे दादा? माझ्या चार लेकी कमी पडल्या?"

"घरच्या पोरीला कोण मेजवानी देतं? मासळी आणि कसाव्याचे कंद वाढले की झालं!"

"अस्सं! म्हणजे डुकरीण तुझी वाचायची आणि पोर माझ्या गळ्यात!" लितिया खो खो हसली. "घेते हो. मग कुरकुर करायची नाही."

त्या हसण्याने इसिकेली सावध व्हायला हवा होता, पण त्याचं डोकं कुठे ठिकाणावर होतं!

समारंभात यंगोना या मुळीच्या पेयाची करवंटी फिरली. लितियाने फिलिपाच्या गळ्यात हार घातला आणि सगळ्यांसमक्ष तिला लेक म्हटलं. फिलिपा रडली. मासळी-कसाव्याची पानं मांडली गेली आणि इसिकेलीने खुशीत आणखी एक करवंटी रिचवली. तेवढ्यात लितिया नव्या लेकीच्या कानाशी लागली.

फिलिपा उठून त्याच्यापुढे येऊन बसली. वर्षभर राजधानीत, सुवात राहून ती मोडकंतोडकं फिजियन बोलायची.

"मामा, मला मरामा पाहिजे."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. फिजीतली रीतच अशी, की बहिणीच्या लेकराने मामाच्या घरात ज्यावर बोट ठेवावं ते त्याचं. तिथे नाही म्हणायची सोय इसिकेलीच्या आजोबालाही नव्हती. भाची करून घेताना हे तो साफ विसरला होता.

"तू शिकवलंस!" तो बहिणीवर खेकसला.

"आईने नाही तर कुणी शिकवायचं?"

नाइलाजाने त्याने मरामाला आणलं आणि तोंड फिरवून दोरी पुढे केली. फिलिपाने मरामाची पाठ खाजवली आणि दोरी परत त्याच्याच हातात दिली.

"इथेच राहू दे, मामा. पण आता ही माझी. कुठल्याही पाहुण्यासाठी कापायची नाही."

इसिकेली सगळ्या गावादेखत हमसून हमसून रडला. लितियाने त्याला पोटभर रडू दिलं.

"आणि दादा, पिल्लंही तिचीच हं. नीट खाऊपिऊ घाल."

इसिकेलीने मरामाच्या टम्म पोटाकडे पाहिलं आणि नाक पुसलं.

"घालतो," तो फिलिपाला म्हणाला. "पण बये, आता गावाला दवाखाना नको हं देऊस. आणखी एक भाची मला परवडायची नाही."