सहावा सिलिंडर

पुदिन्याच्या वासाची तंबाखू दाढेखाली धरायची आणि रस सोड्याच्या रिकाम्या बाटलीत थुंकायचा, ही माझ्या दिराची, रॉइसची, जुनी सवय. त्या शनिवारी त्याने ती बाटली गॅरेजमध्ये हॅटीच्या खुर्चीवर ठेवली. पुढच्या पाटावर, जिथे माझी लेक बोटांनी केळं चिवडते आणि मग तीच बोटं चोखत बसते. बाटलीत खाली तपकिरी पाणी, वर फेस. मी ती दोन बोटांनी उचलून खिडकीत ठेवली, पाट पुसला, आणि गप्प बसले. त्याचा हात माझ्या डॅडच्या गाडीला लागणार होता. तो हात चिडलेला नको होता मला.

अडुसष्ट सालची हिरवी शेव्हेल गाडी. आठ सिलिंडरचं इंजिन मूळचंच, डॅडनी कधी बदललं नाही. मार्चमध्ये ते गेले आणि गाडी माझ्याकडे आली. तेव्हापासून रॉइसला तिच्यावर ब्लोअर बसवायचा होता. इंजिनात जास्तीची हवा कोंबून ताकद वाढवणारं धूड. त्याचं खोकं आमच्या दारातच पडलेलं. रविवारच्या शर्यतीत गाडी पळवणार असं तो गावभर सांगून बसला होता. माझा नवरा कोल्बी भावाच्या शब्दाबाहेर नाही.

माझी अट एकच होती. आधी प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजून बघायचं. आठही जण साधारण सारखा दाब धरत असतील तर बसवा ब्लोअर. एखादा ढिला असेल तर वरून कोंबलेल्या हवेने तोच आधी जाणार, आणि त्याच्यासोबत डॅडचं इंजिन.

दोघांनी इंजिन तापवलं, स्पार्क प्लग काढले, पुठ्ठ्यावर ओळीने मांडले. तेवढ्यात हॅटीने लंगोट भरला. तिला धुऊन, पावडर लावून, मानेखालच्या वळीत एक पापा घेऊन परत आले तर रॉइस हात पुसत होता.

"झालं पण. दीडशे, एकशे अठ्ठेचाळीस, दीडशे. सहावा तर चक्क एकशे पासष्ट. तुझ्या बापाने पोरीपेक्षा इंजिनाचे जास्त लाड केलेत, बाईसाहेब."

कोल्बी हसला, पण माझ्याकडे न बघता.

मी पुठ्ठ्याकडे बघितलं. सात प्लग बिस्किटाच्या रंगाचे, कोरडे. सहावा काळा आणि चिकट. तेल पिणाऱ्या सिलिंडरचा प्लग असा दिसतो. पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या असतात त्याच्या. मग सगळ्यात जास्त दाब त्याचाच कसा?

एरवी फळीवर असणारा लांब चोचीचा तेलाचा डबा टायरपाशी उभा होता.

गॅरेजात वाढलेल्या कुणालाही हे माहीत असतं. सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडलं की झिजलेल्या रिंगांच्या फटी तेवढ्यापुरत्या बुजतात आणि दाब चढतो. दोष रिंगांचा की व्हॉल्व्हचा, हे ओळखायला दुसऱ्या खेपेला तसं करतात. पहिल्या खेपेला करणारा फक्त समोरच्याला फसवत असतो.

हॅटीला मी खुर्चीत बांधलं आणि खांद्यावरचं तिचं पांढरं दुपटं हातात घेतलं.

"कोल्बी, चावी फिरव."

"आता कशाला?"

"फिरव तर खरं."

स्टार्टर कुरकुरला. चौथ्याच्या प्लगच्या भोकासमोर दुपटं धरलं. फुंकर आली, जेमतेम करडा डाग पडला. मग सहाव्यासमोर धरलं. फच्च. दुपट्यावर तेल पसरलं, मधाच्या रंगाचं. इंजिनातलं तेल काजळासारखं काळं होतं. हे डब्यातलं होतं.

"बास," मी म्हणाले. स्टार्टर थांबला.

रॉइसने तंबाखू या गालातून त्या गालात घेतली. "चार थेंबांनी कोण मरतं? फुटलं असतं तर दुसरं टाकलं असतं. इंजिन आहे ते, लेसी. तुझा बाप नाही."

"कोल्बी, तुला माहीत होतं?"

"तो म्हणाला, तू उगाच जिवाला लावून घेशील..."

"माहीत होतं का?"

"होतं."

रॉइसचं मला नवल नव्हतं. तो बाटलीत थुंकतो आणि बाटली जगासमोर ठेवतो. पण माझा नवरा, जो हॅटीच्या आंघोळीचं पाणी कोपर बुडवून बघतो, तो शेजारी उभा राहून ते तेल आत जाताना बघत होता. आणि नंतर हसला होता.

"खोकं उचल," मी रॉइसला म्हणाले. "गाडीला पुन्हा हात लावायचा नाही."

"बायकोला समजाव रे."

कोल्बी चावीशी चाळा करत राहिला. त्याचे ते हातही मला किळसवाणे वाटले.

खोकं गेलं. प्लग मी एकेक करून, डॅड बसवायचे तसे, आधी नुसत्या बोटांनी फिरवत बसवले. सहाव्याला पुसून घेतलं. तो सिलिंडर म्हातारा झालाय, एवढंच. हळू चालवली तर गाडी पुढे हॅटीला शाळेतही सोडेल.

रॉइस बाटली मात्र विसरला होता. कोल्बीने ती बाहेर नेऊन टाकली. मग खुर्चीचा पाट साबणाने धुऊन माझ्यापुढे धरला.

"धुतलाय बघ. स्वच्छ."

मी पाट नाकाशी नेला. पुदिन्याचा, तंबाखूचा वास अजून होता, किंवा मला येत होता. हॅटी केळ्यासाठी हात आपटत होती. मी पाट घेऊन नळाशी गेले आणि पुन्हा धुवायला लागले.