आधी उलटी बाजू

धाकटीचा फोटो पेपरात आला त्या सकाळी ताईने एका गिऱ्हाइकाची पँट दोन बोटं जास्तच आखूड करून ठेवली. गिऱ्हाईक बिचारं ती तशीच घेऊन गेलं, कारण ताईचा चेहराच तसा होता.

ताईचं दुकान कपडे दुरुस्तीचं. चेन बदला, कॉलर उलटवा, कंबर सैल करा, यात तिचं आयुष्य गेलं आणि तिचा फोटो काढायला कधी कुत्रं फिरकलं नाही. तिची धाकटी बहीण मात्र जुन्या छत्र्यांचं कापड, तुटक्या चेना, तांब्याची तार, चष्म्याच्या काचा असलं काहीबाही एकत्र शिवून भिंतीवर टांगते आणि शहाणीसुरती माणसं त्यापुढे हाताची घडी घालून उभी राहतात. आता तर तिचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. शिवाय शहरातल्या मोठ्या रुग्णालयाच्या जिन्यात तिचं काम कायमचं लागणार, असंही पेपरात होतं. पण ताईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या त्या मुलाखतीतल्या एका वाक्याने. शिवणकाम मी घरातच शिकले, असं धाकटी म्हणाली होती.

"घरात म्हणजे कोणी शिकवलं, भिंतींनी?" ताई शिवणयंत्राला म्हणाली.

कारण शिकवलं होतं ताईने. आई कामावर गेली की दोघी बहिणी घरात. धाकटी रुमालावर फूल काढायची आणि कौतुक करून घ्यायला धावत यायची. ताई फुलाकडे बघायचीच नाही. रुमाल पालथा करायची. मागे गाठी आणि लोंबती टोकं दिसली की कात्री पुढे सरकवायची आणि एकच शब्द बोलायची, "उसव." धाकटी नाक ओढत उसवत बसायची. पुढची बाजू कोणीही सजवतं, खरा हात कळतो तो मागून, असं ताईचं ठाम मत. आणि मागून ताईच्या हाताला तोड नव्हती. ही एकच गोष्ट तिच्याजवळ होती. कोणी धाकटीचे गोडवे गायला लागलं की ती मनात म्हणायची, गा गा, मागून बघितलंय का कधी?

प्रदर्शनाला जायचं नाही असं तिने पक्कं ठरवलं होतं, म्हणजे अर्थातच ती गेली. उद्घाटनाला नाही, गर्दी ओसरल्यावर, ठेवणीतले कपडे घालून.

पहिल्या दालनात नुसत्या चेना. उघड्या, अर्धवट लागलेल्या, दात पडलेल्या. खाली नाव लिहिलेलं, 'वाट पाहणं'.

"माझ्या दुकानात खणभर वाट पाहणं पडलंय," ताई पुटपुटली.

पुढे एक ओव्हरकोट होता, त्याच्या अस्तरावर किल्ल्याच किल्ल्या शिवलेल्या. हे चांगलं होतं, आणि चांगलं होतं म्हणूनच ती आणखी चिडली. शेवटच्या दालनात मोठा पडदा. काळ्या छत्र्यांच्या कापडावर तांब्याच्या तारेचे रस्ते, चष्म्यांच्या काचांच्या खिडक्या, असं एक झोपलेलं शहर. त्यापुढे उभी असलेली एक बाई चक्क डोळे पुसत होती. पँट आखूड झाली तर लोक रडतात, पण लांबीला बरोबर झाली म्हणून कोणी रडलेलं ताईने पाहिलं नव्हतं. ती बाई गेल्यावर ताई पुढे झाली आणि तिने पडद्याचा कोपरा धरला.

"बाई, हात लावायचा नाही," रखवालदार म्हणाला.

"मी तिची मोठी बहीण आहे," ताई म्हणाली. हे नातं इतक्या ठसक्यात तिने बऱ्याच वर्षांत सांगितलं नव्हतं. रखवालदार जरा गोंधळला, तेवढ्यात तिने पडदा पालथा केला.

मागची बाजू स्वच्छ होती. दोऱ्यांची टोकं आत दडवलेली, तारेची टोकं वळवून पट्टीखाली झाकलेली, टाके एकसारखे. हे काम ताईच्या तोडीचं होतं, कदाचित कांकणभर सरसच. म्हणजे पुढची बाजू धाकटीची आणि आता मागचीही धाकटीचीच. मग आपल्याकडे उरलं काय? ती डोळे ताणून बोटाबोटाने शोधत गेली, आणि अगदी खालच्या कोपऱ्यात तिला एक गाठ दिसली. चांगली टपोरी, दोन्ही टोकं लोंबत असलेली. ताईने पडदा अलगद सोडला, रखवालदाराला "छान सांभाळता हो" म्हणाली आणि गुणगुणत घरी आली.

पुढचे दिवस मोठे झकास गेले. पँटी मापात निघाल्या. गिऱ्हाइकांना ती आपणहून सांगायला लागली, "प्रदर्शन बघून या बरं का. फक्त मागून बघू नका."

आणि मग एका दुपारी धाकटीच दुकानात आली, काखेत कापडाची गुंडाळी घेऊन. ताईने तिच्यासाठी खुर्ची पुसली, चहा टाकला, तब्येत विचारली.

"काय सुंदर काम केलंयस गं," ती म्हणाली. "डोळ्यांचं पारणं फिटलं अगदी."

धाकटीने कप खाली ठेवला. "सापडली वाटतं गाठ."

"कसली गाठ?"

"खालच्या कोपऱ्यातली. तू तोंड भरून कौतुक करतेयस, म्हणजे सापडली. मुद्दाम ठेवली होती, ताई. तू पडदा उलटा करणार हे मला ठाऊक होतं, आणि काहीच सापडलं नसतं तर वर्षभर बोलली नसतीस माझ्याशी."

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जिच्या जिवावर ती इतके दिवस सुखाने झोपली, ती गाठसुद्धा हिने ताटात वाढलेली होती.

"मोठी आलीस माझ्यावर दया करणारी," ती म्हणाली. "आणि पेपरात मात्र घरात शिकले. माझं नाव घ्यायला जीभ झिजत होती?"

"हो, नाही घेतलं," धाकटी म्हणाली. तीही काही कमी नव्हती. "लोक पुढून बघून वा वा करतात आणि मला मागे तुझाच हात दिसतो. म्हटलं, एक तरी गोष्ट माझी एकटीची असू दे."

हे ताईला अगदीच अनपेक्षित होतं. म्हणजे हिच्याही पोटात दुखत होतं तर. चहा निवत होता, तिकडे दोघींचंही लक्ष नव्हतं.

थोड्या वेळाने धाकटीने गुंडाळी टेबलावर ठेवली. "रुग्णालयाच्या जिन्याचा हा नमुना. जुन्या चादरी आणि पडदे, त्यावर तार. तीन मजले उंच, जिन्याच्या मधल्या मोकळ्या जागेत टांगायचं. चढणाऱ्याला एक बाजू दिसणार, उतरणाऱ्याला दुसरी. त्याला मागची बाजूच नाही, ताई. मला एकटीला नाही झेपायचं. तू ये. पाटीवर दोघींची नावं."

"म्हणजे पुन्हा दयाच," ताई म्हणाली.

पण हात कुठे ऐकतात. तिने गुंडाळी सोडली, पुढची बाजू बघितलीसुद्धा नाही, नमुना पालथा केला आणि बोट फिरवत गेली. मधोमध, तारेखाली दोरा गोळा झाला होता आणि त्यात एक गाठ होती.

"ही पण मुद्दाम?"

धाकटीने वाकून बघितलं. तिचे कान लाल झाले.

"नाही," ती म्हणाली. "ही नाही."

ताईने चष्मा नीट बसवला. किती वर्षांनी तिला इतकं बरं वाटत होतं. तिने टेबलावरची कात्री पुढे सरकवली.

"उसव," ती म्हणाली.

धाकटी नाक ओढत उसवायला बसली, आणि ताईने दुसरी सुई ओवायला घेतली.